'शनवार तेली' या नावाचा अर्थ काय, आणि 'बेने इस्राएल' हे नाव केव्हापासूनचे?

अष्टागरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातील जुन्या आळ्या, वाड्या आणि तेथे नांदलेले समाज यांची माहिती देणारी एक लहान पुस्तिका काढण्याचे ठरले आहे. तिच्यातील कोकणच्या ज्यू समाजावरचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गावातील वयस्कर मंडळी या समाजाचा उल्लेख आजही 'शनवार तेली' असा करतात, त्या समाजातील कुटुंबे स्वतःला 'बेने इस्राएल' किंवा नुसते 'इस्राएल' म्हणवतात, आणि शासकीय कागदपत्रांत 'ज्यू' एवढाच शब्द येतो. एकाच समाजाची ही तीन नावे कशी पडली, हे वाचकाला नीट समजावून सांगावे अशी माझी इच्छा आहे.

'शनवार तेली' या नावाची दोन स्पष्टीकरणे मी ऐकली आहेत. पहिले असे, की शनिवारी मारुतीला आणि शनीला वाहण्यासाठी लागणारे तेल हे लोक पुरवत असत, म्हणून ते शनवार तेली. दुसरे याच्या अगदी उलट आहे: शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून हे नाव पडले. यांपैकी खरे कोणते, आणि त्याला जुन्या लेखनाचा काही आधार आहे का? तसेच 'बेने इस्राएल' हे नाव मूळचेच आहे, की एकोणिसाव्या शतकात मिशनरी आल्यानंतर बायबलच्या वाचनातून ते घेतले गेले? आणखी एक शंका आहे. 'शनवार तेली' हा शब्द छापील पुस्तिकेत वापरणे त्या समाजातील वाचकांना खटकेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दप्तरातील पाने

आपण ऐकलेल्या दोन स्पष्टीकरणांपैकी दुसरे बरोबर आहे आणि त्याला लेखी आधारही आहे. कोचीनचे ज्यू व्यापारी एझिकेल रहाबी यांनी १७६८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या टोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात राहणाऱ्या या लोकांची माहिती दिली आहे. हे लोक तेल गाळण्याचा धंदा करतात, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळतात आणि 'शेमा' ही प्रार्थना म्हणतात, पण धर्माचे याहून फारसे ज्ञान त्यांच्याकडे उरलेले नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. 'शनवार तेली' या नावातील दोन्ही शब्द, म्हणजे वार आणि धंदा, या पत्रात एकमेकांशेजारी येतात. पुढे १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या समाजाचे वर्णन करताना 'शनवार तेली' हे नाव आणि शनिवारी काम न करण्याची त्यांची चाल यांचा संबंध स्पष्टपणे जोडलेला आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. संस्कृतातील 'तिल' पासून 'तैल', त्यापासून मराठीतले 'तेल', आणि ते गाळणारा तो 'तेली'. 'शनवार' हे 'शनिवार'चे बोलीतील रूप असून कोकणात आणि घाटावरही ते सर्रास ऐकू येते. त्यामुळे या नावात हिब्रूचा अंशही नाही. ते मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी आपल्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून दिलेले नाव आहे, आणि माझ्या मते त्याचे मोल याच कारणाने मोठे आहे. या लोकांजवळ धर्मग्रंथ नव्हते, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर नव्हते, हिब्रू वाचणारा माणूस नव्हता. अशा काळातही त्यांचा शनिवारचा विसावा इतका काटेकोर होता की परक्या माणसाने त्यांना ओळखण्याची तीच खूण ठरवली. एखाद्या समाजाने स्वतःविषयी केलेल्या दाव्यापेक्षा शेजाऱ्याने सहज ठेवलेले नाव हा कधी कधी अधिक भक्कम पुरावा असतो.

मारुतीच्या तेलाविषयीचे स्पष्टीकरण मागाहून सुचलेले दिसते. शनिवार आणि तेल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या मनात मारुती आणि शनी येणारच. त्यामुळे ज्यांना शब्बाथ ठाऊक नव्हता त्यांनी ओळखीच्या गोष्टीचा आधार घेतला असावा. परंतु ज्या दिवशी गावात मारुतीला तेल वाहिले जाते, नेमका त्याच दिवशी या लोकांचा घाणा बंद असे. गिऱ्हाइकाला ही गोष्ट विशेष जाणवत असणार, हे समजणे कठीण नाही.

पेणची वाट

माझे आजोळ तेल्यांचे आहे, म्हणून या नावाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहितो. वारावरून तेल्यांची नावे पडणे ही केवळ ज्यू समाजापुरती गोष्ट नव्हती. आमच्याकडे 'सोमवार तेली' आणि 'शुक्रवार तेली' हीही नावे प्रचलित होती, आणि त्या त्या वारी घाणा न जुंपणारे ते त्या वाराचे तेली असाच त्याचा अर्थ घरात सांगितला जाई. सोमवार हा महादेवाचा वार, आणि बैल म्हणजे नंदी; म्हणून सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही. घाण्याचे काम किती कष्टाचे आहे हे ज्याने पाहिले आहे त्याला या सुट्टीचे महत्त्व सांगावे लागत नाही. उखळात तीळ किंवा सुके खोबरे घालायचे, त्यात लाट, म्हणजे उभे जाड लाकूड, फिरायची, आणि ती फिरवण्यासाठी डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर एकाच रिंगणात चालायचा. तेल खाली झिरपायचे, पेंड उरायची, आणि लाटेचा करकरणारा आवाज आळीभर ऐकू यायचा. त्यामुळे घाणा बंद राहिला की ते कोणाला सांगावे लागत नसे. आवाज थांबला की सगळ्या आळीला कळे.

मला असे वाटते की कोकणातल्या लोकांना या ज्यू तेल्यांच्या विसाव्यात काही परकेपणा वाटलाच नसावा. प्रत्येक तेल्याला बैल मोकळा सोडण्याचा एक वार असतोच, यांचा शनिवार आहे, इतक्या सहजपणे ती गोष्ट स्वीकारली गेली असणार. तेव्हा 'शनवार तेली' हे नाव एका तयार साच्यात बसले. या साच्याचा उल्लेख पुस्तिकेत अवश्य करावा, कारण नुसते 'शनिवारी सुट्टी घेत म्हणून' असे लिहिले तर ते नाव एकटे आणि विचित्र वाटते.

दप्तरातील पाने

'पेणची वाट' यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याला जोड देणारी एक गोष्ट तौरातमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच आहे. त्यातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची जी आज्ञा दिली आहे, तिच्यात तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्याबरोबर 'तुझा बैल' हा शब्दही स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे बैलाला विसावा देणे हा या लोकांच्या दृष्टीने आज्ञेचाच भाग होता. ग्रंथ हाती नसतानाही ती चाल त्यांच्या घाण्यावर टिकून राहिली, आणि शेजारच्या शिवभक्त तेल्यांच्या चालीशी ती आपोआप जुळली. दोन वेगळ्या श्रद्धांतून आलेला एकच आचार एकाच आळीत शेजारी शेजारी चालत होता, ही मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ठाणेकर इस्राएल

मी स्वतः बेने इस्राएल समाजातील आहे. आमचे मूळ घराणे झिराडचे, आणि आता बरीच वर्षे कुटुंब ठाण्यात आहे. 'शनवार तेली' हा शब्द खटकेल का, असे आपण विचारले आहे, त्याचे उत्तर मनापासून देते.

शब्द खोटा नाही आणि त्यात शिवी नाही. पण आमच्या आजोबांच्या पिढीला तो आवडत नसे, याचेही कारण समजून घ्यावे. जुन्या समाजरचनेत तेल्याचे स्थान खालचे मानले जाई, सकाळी सकाळी तेली समोर येणे अशुभ आहे असली समजूत लोक बाळगत, आणि हा अपमान सर्वच तेल्यांच्या वाट्याला येई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आमचे लोक मोठ्या संख्येने मुंबईत आले, कंपनीच्या सैन्यात भरती झाले, सुभेदार झाले, नंतर कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत आणि दवाखान्यांत काम करू लागले. त्यांच्यासाठी 'तेली' ही मागे राहिलेली ओळख होती, आणि शेजारी तीच पुन्हा पुन्हा काढत असतील तर ते टोचणारच. माझ्या पिढीला मात्र त्या शब्दाविषयी आपुलकी वाटते, कारण आमच्या पूर्वजांनी कोणत्याही गुरुजींशिवाय शब्बाथ सांभाळला याची साक्ष तो शब्द देतो. म्हणून आपण तो वापरावा, पण समाजाचे नाव म्हणून वापरू नये. 'शेजारी ज्यांना शनवार तेली म्हणत' असे लिहिले तर कोणालाही वाईट वाटणार नाही.

आता 'बेने इस्राएल' विषयी. हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा, आणि 'बेने' हे त्याचे अनेकवचन दुसऱ्या नामाला जोडताना येणारे रूप आहे. तेव्हा 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरे, याकोबाचे वंशज. हे नाव मिशनऱ्यांनी दिलेले मुळीच नाही. सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने १७३८ मध्ये दक्षिणेतून लिहिलेल्या पत्रात सुरत आणि राजापूर या बाजूला स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवणारे लोक असल्याचे कळवले आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले ते त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. विल्सन यांचे ऋण आमच्या समाजावर आहे, कारण १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले आणि आमच्या मुलांना हिब्रू शिकवले. पण नाव आधीपासून आमच्याजवळ होते.

आमच्या घरात लहानपणी 'यहुदी' हा शब्द फारसा उच्चारला जात नसे, आणि जुनी माणसे तर तो स्वतःसाठी वापरतच नसत. याचे जे कारण समाजातील अभ्यासकांनी दिले आहे ते मला पटते. कोकणचा हा किनारा बहामनी, मग निजामशाही आणि पुढे बराच भाग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होता. कुराणात 'बनी इस्राईल' हा शब्द ईश्वराची कृपा झालेल्या लोकांसाठी येतो, त्या नावाने ओळखला जाणारा एक सूरा, म्हणजे अध्यायही आहे. 'यहूद' या शब्दाबरोबर मात्र अनेकदा दोषारोप येतो. मुसलमान राज्यकर्ते आणि शेजारी यांच्यामध्ये राहणाऱ्या लहान समाजाने पहिला शब्द धरून ठेवला आणि दुसरा दूर ठेवला, हे अगदी स्वाभाविक आहे. समाजात सांगितली जाणारी एक कथाही याच अर्थाची आहे. सॅम्युएल एझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनीच्या सैन्यातील अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुम्ही कोण, असे विचारल्यावर त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले, आणि कुराणातील त्या लोकांना आपण पाहिलेले नाही म्हणून सुलतानाच्या आईने त्यांचे प्राण वाचवले, असे ती कथा सांगते. कथेचा तपशील कसाही असो, सुटकेनंतर त्यांनी नवस फेडण्यासाठी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात 'शाआर हारहमीम' हे सिनेगॉग बांधले हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. आमचे लोक त्या सिनेगॉगला 'जुनी मशीद' म्हणत.

अष्टागरवासी

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. विशेषतः १७३८ आणि १७६८ ही दोन साले मिळाल्याने टिपणाला पाया मिळाला. आता एक पुढचा प्रश्न विचारतो. काही ठिकाणी असे वाचले की 'इस्राएल' हे नाव असल्यामुळेच हा समाज इस्राएलच्या 'हरवलेल्या दहा वंशां'पैकी असला पाहिजे, कारण यहुदाच्या राज्यातून आलेले असते तर ते 'यहुदी' म्हणवले असते. नावावरून असा निष्कर्ष काढता येतो का? आणि नवगावजवळ जहाज फुटल्याची जी कथा आहे तिचे वय नक्की किती मानायचे?

चौलचा अभ्यासक

नावावरून तो निष्कर्ष काढता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य असिरियाने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास संपवले आणि तेथील दहा वंश विखुरले, ही गोष्ट खरी. पण 'बेने इस्राएल' हा शब्द त्या राज्यापुरता कधीच मर्यादित नव्हता. तौरातमध्ये तो साऱ्या बारा वंशांसाठी येतो, आणि जगभरचे ज्यू प्रार्थनेत स्वतःला इस्राएलच म्हणतात. विल्सन यांना दहा वंशांची कल्पना आकर्षक वाटली होती, आणि त्या काळी युरोपात या हरवलेल्या वंशांचा शोध घेण्याची मोठी हौस होती हे ध्यानात ठेवावे. 'ठाणेकर इस्राएल' यांनी राज्यकर्त्यांच्या संदर्भात दिलेले कारण हे नाव टिकण्याचा अधिक समाधानकारक खुलासा करते. मला त्यात आणखी एक कारण जोडावेसे वाटते. या लोकांना हिब्रूतील जे एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते, ते म्हणजे 'शेमा इस्राएल', 'हे इस्राएल, ऐक'. सुंता, लग्न, मृत्यू, नवस, प्रत्येक प्रसंगी तेच म्हटले जाई. ज्या समाजाच्या एकुलत्या एका प्रार्थनेत देव त्यांना 'इस्राएल' म्हणून हाक मारतो, त्या समाजाने स्वतःचे दुसरे नाव का शोधावे?

जहाजाची कथा अशी. अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज खडकांवर फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावला पुरले. त्या स्मशानभूमीच्या जागी आज समाजाने उभारलेले स्मारक आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला (तो छापला गेला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर). अँटिओकस एपिफेनेस या राजाच्या छळाला कंटाळून इ.स.पू. १७५ च्या सुमारास हे लोक गालीलमधून निघाले असावेत, असे त्यांचे मत होते. त्यामागचा त्यांचा युक्तिवाद असा, की कोकणातील या लोकांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता, आणि हनुक्का ज्या घटनेवरून सुरू झाला ती घटना त्यानंतर दहाएक वर्षांनी घडली. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण तो पुरेसा नाही, कारण शतकानुशतके ग्रंथ आणि गुरू यांच्यावाचून राहिलेल्या समाजाला एखादा सण विसरणेही शक्य आहे. लेखी नोंदी अठराव्या शतकाच्या मागे सरकत नाहीत, तर काही अभ्यासक समाजाचे मूळ इराण किंवा येमेन यांच्याशी चाललेल्या मध्ययुगीन व्यापारात शोधतात. चौल हे त्या व्यापाराचे मोठे बंदर होते, म्हणून मला हे मत कमी लेखावेसे वाटत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. त्यामुळे बाहेरून आल्याच्या परंपरेला बळ मिळते, पण दोन हजार वर्षांची कालगणना त्याने सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा देहांची कथा चित्तपावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते. तेथे परशुराम त्यांना जिवंत करतो. आकडाही तोच, सात आणि सात मिळून चौदा. हे साम्य केहीमकरांच्याही नजरेतून सुटलेले नव्हते. कोणी कोणाची कथा घेतली याचा वाद घालण्यापेक्षा, एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणाऱ्या समाजांनी आपले येणे एकाच तऱ्हेने सांगितले, हे मला अधिक बोलके वाटते. पुस्तिकेत ही कथा 'समाजाची परंपरा सांगते' अशा शब्दांत द्यावी आणि सालाच्या जागी ठाम आकडा देऊ नये.

पेणची वाट

आडनावांविषयीही थोडे लिहावे असे सुचवतो, कारण आपल्या पुस्तिकेचा विषय गावे हाच आहे. किहीमचे ते केहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, थळचे थळकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, रोह्याशेजारच्या अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, वाकरूळचे वाकरूळकर. नकाशा समोर ठेवून ही आडनावे वाचली तर तेलाचे घाणे कोणत्या गावांत होते याचा अंदाज येतो. एका गावात ही घरे मोजकीच असत, आणि गावाला लागणारे तेल तेवढीच पुरवत. हिंदी चित्रपटांतील प्रसिद्ध अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते, म्हणजे मूळ गाव चौल. नावेही मराठी वळणाची होती: सॅम्युएलचे सामाजी, एझिकेलचे हसाजी, बेंजामिनचे बनाजी, मोझेसचे मुसाजी.

ठाणेकर इस्राएल

सणांची नावेही तशीच आहेत. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, तो 'नव्याचा सण', योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याचा दिवस तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खाल्ले जाई. बिरडे म्हटल्यावर रायगडच्या वाचकाला वेगळे काही समजावे लागत नाही. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने होणारा मलिदा, म्हणजे गूळ, खोबरे घातलेले पोहे, फळे आणि प्रार्थना, हा विधी तर आजही आमच्या प्रत्येक शुभकार्यात असतो, मग घर ठाण्यात असो वा इस्राएलमध्ये. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहूच्या रथाच्या खुणा मानला जाणारा खडक आहे, तेथे लोक नवस फेडायला जातात. आपल्या पट्ट्यातीलच जागा असल्याने पुस्तिकेत तिचा उल्लेख राहून जाऊ नये.

नावाच्या प्रश्नाला विसाव्या शतकात एक वेदनादायक वळणही लागले. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर आमचे बहुसंख्य लोक तिकडे गेले, आणि तेथे १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने बेने इस्राएलांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी असे निर्देश काढले. ज्यांना कोकणात शेजारी शब्बाथावरून ओळखत होते, त्यांनाच तेथे आपण खरे ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितले गेले. समाजाने धरणे धरले, आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले. माझ्या मावशीचे कुटुंब त्या काळात तेथेच होते, म्हणून हा विषय आमच्या घरात अजून ताजा आहे. आपल्या टिपणात याला दोन ओळी मिळाल्या तर मला बरे वाटेल.

अष्टागरवासी

नक्कीच देईन, दोनच ओळी नव्हे तर एक स्वतंत्र परिच्छेद देईन. आता शेवटची शंका लेखनाविषयीची आहे. 'इस्राएल' लिहावे की 'इस्रायल', आणि 'ज्यू' की 'यहुदी'? शिवाय अलिबागच्या 'इस्राएल आळी'चे नाव कसे लिहावे?

दप्तरातील पाने

समाजाच्या नावासाठी 'बेने इस्राएल' हेच लेखन ठेवावे, कारण मराठी बायबल, समाजाची मराठी प्रकाशने आणि समाजातील माणसे हेच रूप वापरतात. वृत्तपत्रांत देशाचे नाव 'इस्रायल' असे छापतात, तेही चालेल; उलट दोन रूपे वेगळी ठेवली तर समाज आणि देश यांच्यात वाचकाची गल्लत होणार नाही. धर्माचा सर्वसाधारण उल्लेख असेल तेथे 'ज्यू' लिहावे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या धर्मीयांना अल्पसंख्याक दर्जा दिला तोही 'ज्यू' याच नावाने. बायबलमधील संदर्भ असेल तेथे 'यहुदी' स्वाभाविक वाटेल. मुंबईतील बगदादी ज्यू आणि कोचीनचे ज्यू हे वेगळे समाज आहेत. 'बेने इस्राएल' हे नाव त्यांना लावू नये. पुण्यातील 'लाल देऊळ' हे बगदादी ससून घराण्याने बांधले; काही लेखांत ते कोकणच्या समाजाच्या खाती घातलेले दिसते, तसे आपल्याकडून होऊ नये.

'शनवार तेली' साठी 'ठाणेकर इस्राएल' यांनी सुचवलेली वाक्यरचना उत्तम आहे. त्यात 'शनवार' हे बोलीतील रूप तसेच ठेवावे, 'शनिवार' असे शुद्ध करू नये, कारण जुन्या नोंदींत आणि लोकांच्या तोंडी तेच आहे. सोमवार तेल्यांचा उल्लेख त्याच परिच्छेदात लगेच पुढे घ्यावा. अलिबागच्या आळीचे नाव 'इस्राएल आळी' असेच लिहावे. त्या आळीतील 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग १८४८ चे असून सध्याची इमारत १९१० ची आहे, आणि रेवदंड्याचे 'बेथ एल' १८४२ चे आहे. दोन्ही आपल्या पट्ट्यात येतात, तेव्हा नकाशात त्यांच्या जागा दाखवता आल्या तर पाहावे. छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील विश्वस्तांची परवानगी घ्यावी, आणि शनिवारी जाऊ नये.